दीपगृहाचे छायाचित्र

समुद्रावरच्या माणसाला दीपगृह दिसले, की तो आपल्या जहाजाचे तोंड बाजूला वळवतो. किनाऱ्यावरच्या माणसाला ते दिसले, की तो त्याच्या दिशेने चालू लागतो आणि पिशवीतून कॅमेरा काढतो. दीपगृह बांधणाऱ्याच्या मनात होता तो पहिला माणूस. दुसऱ्याचा विचार त्याने कधी केलाच नव्हता. ‘येथे खडक आहे, दूर राहा,’ एवढे सांगण्यासाठी जी वास्तू उभारली, तिच्याच पायथ्याशी जाऊन छायाचित्रकार आपली तिपाई मांडतो. त्यामुळे दीपगृहांची जी चित्रे आपण दिनदर्शिकांवर, पोस्टाच्या कार्डांवर आणि अलीकडे हातातल्या फोनवर पाहतो, ती बहुतेक जमिनीकडून, दिवसाउजेडी आणि जवळून घेतलेली असतात. दीपगृह मात्र समुद्राकडून, रात्री आणि दुरून पाहण्यासाठी असते. ही तफावत ध्यानात घेतली म्हणजे या छंदातल्या अडचणी कळतात, आणि त्याची गोडीही कळते.

दिवसा दीपगृहाला काही काम नसते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः दिवसाही ते खुणेचे काम करीत असते. त्याचा आकार, उंची, अंगावरचे रंगाचे पट्टे या सगळ्यांवरून खलाशी ते ओळखतो. मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या पुढे खडकांवर, टॉमस ऑर्मिस्टन याने १८७५ साली बांधलेले प्राँग्स दीपगृह उभे आहे. त्याच्या अंगावर पांढरे, तांबडे आणि काळे असे पट्टे आहेत. करड्या आकाशात पांढरा रंग हरवला तर तांबडा उरावा, आणि उन्हात सर्वच झळाळले तर काळ्याने साथ द्यावी, असा या रंगांचा उपयोग. कुलाब्याला त्याहूनही जुने दीपगृह होते. जुने मुंबईकर त्याला ‘कुलाब्याची दांडी’ म्हणत. प्राँग्सच्या खडकापर्यंत ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. अर्थात परवानगी हवी, आणि भरतीचे वेळापत्रक खिशात हवे. छायाचित्रकार एरवी सूर्याच्या तंत्राने चालतो. येथे त्याला चंद्राच्याही तंत्राने चालावे लागते. प्रकाश उत्तम असतो तेव्हा खडक पाण्याखाली असतात, आणि वाट मोकळी होते तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते.

पट्टे नसलेले, नुसते पांढरे दीपगृह टिपणे तर याहून कठीण. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक यंत्राला पांढऱ्या रंगाचे वावडे आहे. समोर पुष्कळ पांढरे दिसले की ते यंत्र, उजेड फार आहे असे समजून प्रकाश आखडता घेते, आणि चुन्यासारखी शुभ्र भिंत चित्रात राखेसारखी उमटते. उन्हाळ्यात समुद्रावरचे आकाशही फिकट पांढरे असते. त्यात पांढरा मनोरा विरघळून जातो. अनुभवी माणूस म्हणूनच जूनच्या पहिल्या आठवड्याची वाट पाहतो. नैर्ऋत्येकडून काळा ढग चढून येत आहे, पाऊस अजून अर्ध्या तासावर आहे, आणि पूर्वेच्या मोकळ्या आकाशातून मनोऱ्यावर ऊन पडले आहे, अशी वेळ कोकणात वर्षातून दोन-चारदाच येते. त्या वेळी मनोरा जणू आतून उजळल्यासारखा दिसतो. त्यानंतर कॅमेरा सावरून धावावे लागते हे खरे. आणि खाऱ्या वाऱ्याने भिंगावर बसलेला चिकट थर पुसण्यात सबंध संध्याकाळ जाते हेही खरे.

आपल्या देशाला दोन किनारे लाभल्यामुळे छायाचित्रकाराचे दिवसही दोन प्रकारचे होतात. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. जमिनीवरून पाहणाऱ्याच्या वाट्याला संध्याकाळी दीपगृहाची काळी आकृती येते. त्याचा उजळलेला चेहरा समुद्राकडे असतो, आणि तो पाहण्यासाठी होडीतच बसायला हवे. पूर्व किनाऱ्यावर हीच गोष्ट पहाटे घडते; संध्याकाळी मात्र जमिनीकडची बाजू सोन्यासारखी उजळते. म्हणून कारवार-मंगळूरकडची चित्रे सावलीची आणि चेन्नई-विशाखापट्टणमकडची उन्हाची, असा एक ढोबळ भेद जुन्या संग्रहांत आढळला तर त्याला निसर्गच कारण समजावा, चित्रकाराची आवड नव्हे.

चेन्नईला तर दीपगृहांचा एक सबंध वंशवृक्षच एका दिवसात टिपता येतो. तेथे १७९६ साली पहिला दिवा लागला तो सेंट जॉर्ज किल्ल्यातील एका इमारतीच्या गच्चीवर, आणि त्यात जळत असे ते खोबरेल तेल. ती इमारत आज वस्तुसंग्रहालय आहे. १८४४ साली किल्ल्याच्या उत्तरेला ग्रीक धर्तीचा दगडी स्तंभ उभारण्यात आला. पुढे त्याच्या शेजारी उच्च न्यायालयाची भव्य वास्तू आली आणि १८९४ साली दिवा त्या न्यायालयाच्या सर्वांत उंच घुमटावर गेला. खाली न्यायदान आणि वर दीपदान, असा संसार तेथे ऐंशीहून अधिक वर्षे चालला. १९७७ साली मरीना किनाऱ्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा त्रिकोणी मनोरा उभा राहिला, त्याला वर जाण्यासाठी पाळणाही बसवला, आणि घुमटावरचा दिवा विझला. १८४४चा स्तंभ न्यायालयाच्या आवारात आजही उभा आहे. त्याचे चित्र घेणाऱ्याला एक चमत्कारिक अनुभव येतो. चौकटीत समुद्र नाही, जहाज नाही, दिवाही नाही. पाहणाऱ्याला वाटावे, कोणा सेनापतीचे स्मारक असेल. दीपगृहातून दिवा काढून घेतल्यावर जे उरते त्याला काय म्हणावे, हा प्रश्न ते चित्र पाहताना मनात येतो.

चेन्नईच्या दक्षिणेला महाबलिपुरम् येथे याच्या उलट प्रकार घडला. पल्लवांच्या काळातील ओलक्कण्णेश्वर मंदिर एका उंच खडकावर आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या छतावर दिवा ठेवून त्याचेच दीपगृह केले होते. पुढे शेजारी दगडी गोल मनोरा बांधला आणि मंदिर या चाकरीतून मोकळे झाले. दोन्ही वास्तू एकाच दगडाच्या रंगाच्या, एकमेकींना खेटून. एका चौकटीत सहज मावतात. मनोऱ्याच्या सज्जातून खाली पाहिले की मंदिराच्या छताची ती सपाट जागा दिसते.

आता थोडे आत, जिना चढून. दीपगृहाच्या माथ्यावरची काचेची खोली म्हणजे छायाचित्रकाराला माहेर वाटावे अशी जागा. याचे कारण इतिहासात आहे. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकामागे एक काचेच्या कड्या रचून दिव्याचा विखुरणारा प्रकाश एका झोतात बांधण्याची युक्ती काढली, आणि १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआँच्या दीपगृहात ते भिंग प्रथम बसले. त्याच दशकात, त्याच देशात, निसेफोर निएप्स खिडकीबाहेरच्या छपरांचे चित्र धातूच्या पत्र्यावर उमटवण्याच्या खटपटीत होता. आज उपलब्ध असलेले जगातील पहिले छायाचित्र ते. दीपगृहाचे नवे भिंग आणि छायाचित्र ही अशी एका घरची भावंडे आहेत. कॅमेरा ही भिंग लावलेली अंधारी पेटी, बाहेरचा उजेड आत घेणारी. दीपगृहाची खोली ही भिंग लावलेली उजळ पेटी, आतला उजेड बाहेर देणारी. फ्रेनेलच्या भिंगाच्या मधल्या डोळ्यातून आतून बाहेर पाहिले तर समुद्र वर आणि आकाश खाली दिसते. जुन्या मोठ्या कॅमेऱ्याच्या धूसर काचेवर जग असेच उलटे दिसत असे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली; जुन्या खंडेरी किल्ल्याच्या बेटावर दीपगृह उजळले ते १८६७ साली. ही दोन्ही नवलाई आपल्या किनाऱ्यावर मागेपुढेच येऊन पोहोचली.

मात्र दिवसा या खोलीचे चित्र घ्यावे, तर भिंगाभोवती पडदे ओढलेले सापडतात. रात्री दिव्याचा झोत मैलोगणती दूर फेकणारे भिंग दिवसा सूर्याचा झोत आत आणून दिव्यावर एकवटते. पडदे नसतील तर यंत्रे पोळून निघतील. म्हणून उजाडताच पडदे ओढण्याची रीत पडली. दिवसाच्या चित्रांत दीपगृहाचा डोळा बहुधा मिटलेलाच असतो. पाहुण्यांसाठी तो उघडणे हे रखवालदाराच्या मर्जीवर, आणि ढगाळ हवेवर अवलंबून.

रात्र झाली की खरी परीक्षा सुरू होते. जुन्या पद्धतीच्या फिरत्या दीपगृहात दिवा कधी विझत नाही. तो अखंड जळत असतो. भिंग त्याच्याभोवती फिरते आणि चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे झोत समुद्रावरून फिरवीत नेते. झोत ज्याच्या डोळ्यांवरून जातो त्याला वाटते, दिवा लागला आणि विझला. किती सेकंदांनी तो लागावा, एकदा लागावा की दोनदा, हे दर दीपगृहाचे ठरलेले असते, आणि त्यावरूनच काळोखात नाखवा ओळखतो की हे अमुक बंदर आणि हा तमुक खडक. या सर्व दिव्यांच्या सवयींची सूची छापली जाते. गंमत अशी की आपल्या देशाची ही सूची काढणारे जलसर्वेक्षण कार्यालय आहे डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी.

दीपगृहाचे नाव अशा रीतीने काळात लिहिलेले असते, आणि छायाचित्राला काळ नसतो. क्षणार्धासाठी झडप उघडावी, तर एखादा झोत हाती लागतो किंवा नुसता अंधार. हवेत दमटपणा किंवा धूळ असेल तरच झोत दिसतो. स्वच्छ हवेत प्रकाश बाजूने दिसतच नाही. बरे, झडप पुष्कळ वेळ उघडी ठेवावी, तर सारे झोत एकमेकांवर पसरतात आणि मनोऱ्याच्या माथ्यावर केवळ एक तेजाची टोपी उरते. वीस सेकंदांत एकदा पुरे होणाऱ्या दिव्यापुढे वीस सेकंद कॅमेरा उघडा ठेवला, तर त्याचे सबंध वाक्य फिल्मवर येते खरे. पण सगळी अक्षरे एकावर एक लिहिलेली. फिल्मच्या काळात तर फिरता झोत पकडण्याइतकी ती तत्पर नसे. आजचे कॅमेरे अंधाराला सरावलेले आहेत, त्यामुळे अर्ध्या-पाऊण सेकंदात झोतांचे आरे वेगवेगळे उमटतात. अशी चित्रे फार देखणी असतात. ती पाहून नाखव्याला मात्र काहीच बोध होणार नाही.

यातून सुटण्याची एक वाट आहे, आणि ती कोणत्याही छायाचित्रकाराला आपण होऊन सुचण्यासारखी नाही. तिपाई किनाऱ्यावर ठेवून कॅमेरा घेऊन होडीत बसायचे आणि लाटांवर हलत असतानाच झडप मिनिटभर उघडी ठेवायची. छायाचित्रणाच्या शाळेत हे पाप आहे. कॅमेरा हलला की चित्र बिघडले, हा पहिला धडा. पण फिल्मवर काय उमटते पाहा. किनाऱ्यावरच्या रस्त्याचे दिवे, हॉटेलांचे दिवे, बंदरावरचे दिवे अखंड जळत असतात; होडीच्या हेलकाव्यांबरोबर त्यांच्या वेड्यावाकड्या सलग रेघा ओढल्या जातात. त्या गुंताड्यात एकच रेघ तुटक असते: ठिपका, मोकळी जागा, ठिपका, मोकळी जागा. जोडीने चमकणारा दिवा असेल तर ठिपक्यांची जोडी, मग मोकळी जागा, पुन्हा जोडी. मनोरा त्यात नाही, पट्टे नाहीत, खडक नाही. सुंदर म्हणावे असे काहीही नाही. परंतु शहराच्या हजार दिव्यांतून आपला एक दिवा वेगळा काढण्याचे जे काम नाखवा रोज रात्री डोळ्यांनी करतो, ते या बिघडलेल्या चित्रात जसेच्या तसे उतरलेले असते. प्रदर्शनाच्या भिंतीवर असे चित्र कोणी लावणार नाही. कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्याला दाखवले तर मात्र तो ठिपके मोजून दिव्याचे नाव सांगू शकेल.

भिंग फिरत असे ते आपोआप नव्हे. विजेपूर्वीच्या काळात घड्याळातल्यासारखे वजन मनोऱ्याच्या पोकळीतून हळूहळू खाली उतरे आणि त्याच्या ओढीने चाके फिरत. वजन तळाला पोहोचण्याआधी कोणीतरी ते पुन्हा वर चढवायचे, रात्रीतून कित्येकदा. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर १८८५ सालापासून जळत असलेला दिवा घ्या. हे बेट मालदीवच्या वाटेवर, नारळीच्या राईने झाकलेले. सुमारे पन्नास मीटर उंचीचा मनोरा हीच तेथली सर्वांत उंच गोष्ट. देश स्वतंत्र झाल्यावरही हे दीपगृह काही वर्षे ब्रिटिशांकडेच होते. ते १९५६ साली भारताकडे आले. अशा जागी ज्यांनी जन्म काढला त्या रखवालदारांची चित्रे शोधू गेल्यास फारशी हाती लागत नाहीत. मनोऱ्यांची चित्रे शेकड्यांनी आहेत. रखवालदार त्यांत असलाच तर सज्जाच्या कठड्याशी, मुंगीएवढा, उंचीचे माप कळावे म्हणून उभा केलेला.

आज किनाऱ्यावरील दीपगृहांचा कारभार पुष्कळ बदलला आहे. जहाजांना आपला ठावठिकाणा उपग्रहांकडून कळतो. १९२७चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ साली नवा कायदा आला, आणि वारसा म्हणून जपायच्या दीपगृहांची तरतूद त्यात झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील पंचाहत्तर दीपगृहांवर पर्यटकांसाठी सोयी करण्यात आल्या. ज्या दारांवर एके काळी कॅमेरा पाहताच मान नकारार्थी हलत असे, तेथे आता तिकीट काढून आत जाता येते. हे चांगलेच झाले. आलेली मंडळी दीपगृहाकडे पाठ आणि फोनकडे तोंड करून आपलेच चित्र घेतात, याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. त्यांनी समुद्राकडे तोंड केले म्हणजे निदान मनोरा जिकडे पाहतो तिकडे तेही पाहतात.

पण रखवालदाराचे एक चित्र जगात असे आहे, की ज्यात तो माप दाखवण्यापुरता नाही. फ्रेनेलच्याच देशात, ब्रिटनी प्रांताच्या टोकाला, उएसाँ नावाचे बेट आहे. त्याच्या भोवतालचा समुद्र जहाजांचा काळ म्हणून प्रसिद्ध. १८९६ साली ‘ड्रमंड कॅसल’ हे प्रवासी जहाज याच भागात फुटले. अडीचशेच्या आसपास माणसे होती, वाचली तीन. शार्ल-युजेन पोत्रों नावाचा एक गृहस्थ जहाजफुटीतून बचावलेला होता. त्याने १९०४ साली मृत्युपत्रात चार लाख फ्रँक ठेवले आणि अट घातली, की येथल्या धोक्याच्या खडकावर सात वर्षांच्या आत दीपगृह उभे राहिले पाहिजे. खडकाचे नाव ला ज्युमाँ, म्हणजे घोडी. तिच्यावर उतरणेच मुश्किल. समुद्र परवानगी देई तेव्हाच काम चाले. तरीही १९११ साली दिवा लागला. मनोरा वादळात हादरत असे, म्हणून पुढे त्याला बळकटी द्यावी लागली. आणि अशा हादरणाऱ्या मनोऱ्यात माणसे पाळीपाळीने राहत गेली.

२१ डिसेंबर १९८९ रोजी त्या समुद्रावर मोठे वादळ होते. लाटांनी खालच्या खिडक्या फोडून पाणी मनोऱ्यात शिरले होते आणि रखवालदारांनी वरच्या दिव्याच्या खोलीचा आश्रय घेतला होता. त्याच दिवशी ज्याँ गिशार हा छायाचित्रकार वादळातील दीपगृहे टिपण्यासाठी हेलिकॉप्टर घेऊन निघाला होता. ला ज्युमाँजवळ ते घरघरत आले. आत तेओदोर मालगोर्न या रखवालदाराने तो आवाज ऐकला. त्याला वाटले, आपल्याला सोडवायला कोणी आले. तो जिना उतरून खाली आला, त्याने दार उघडले आणि उंबऱ्यावर उभा राहिला. त्याच क्षणी मनोऱ्याच्या मागच्या बाजूने एक अजस्र लाट फुटली आणि दोन्ही अंगांनी मनोऱ्याला कवेत घेत पुढे आली. गिशारने चित्र घेतले. मालगोर्नने आवाजावरून किंवा अंतर्ज्ञानाने धोका जाणला, मागे सरून दार लावले, आणि तो वाचला.

ते चित्र पुढे जगभर गेले. त्याच्या लाखो प्रती घरांच्या भिंतींवर लागल्या. मनोऱ्याहून उंच उसळलेले पांढरे पाणी आणि खाली अंधाऱ्या चौकटीत खिशात हात घातल्यासारखा शांत उभा असलेला माणूस, असे ते दिसते. पाहणारा त्याच्या निर्भयतेचे कौतुक करतो. प्रत्यक्षात त्या माणसाला मागची लाट दिसतच नव्हती. तो आकाशाकडे पाहत होता, आलेल्या मदतीकडे. आणि ती मदत नव्हती, कॅमेरा होता. गिशारला याचा दोष देता येत नाही. आत कोण कशाची वाट पाहत आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्या वाऱ्यात त्याला काही करता आले असते असेही नाही. परंतु हे एकदा कळल्यावर ते चित्र पूर्वीसारखे पाहता येत नाही. इतर दीपगृहचित्रांत जे कधी सापडत नाही, म्हणजे आतल्या माणसाचे समुद्राशी असलेले नाते, ते येथे सापडले. आणि सापडले ते त्या माणसाच्या चुकीच्या समजुतीमुळे, त्याच्या जिवावर बेतून.

१९९१ साली ला ज्युमाँचा दिवा आपोआप चालू लागला आणि शेवटचे रखवालदार खडकावरून परतले. हिवाळ्यातील वादळांत छायाचित्रकार आजही तेथे जातात. लाटा तशाच उसळतात, मनोराही तसाच पाण्यात बुडतो आणि वर येतो. खालचे दार बंद असते.